पॅकेज इन्स्टॉल केलंय, तरी पायथॉनला का सापडत नाही?



मागच्या काही व्हिडिओंमध्ये आपण पायथॉनच्या छोट्या स्क्रिप्ट वापरून एक्सेलमध्ये बिल, कोटेशन आणि स्टॉकची यादी कशी काढायची ते पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच. "ताई, तुम्ही सांगितलं तसं पॅकेज इन्स्टॉल केलं, 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असंही आलं. पण स्क्रिप्ट चालवली की 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर' येतोय. आता काय करू?"

बहुतेक जण काय करतात? तेच पॅकेज परत इन्स्टॉल करतात. मग पायथॉन काढून परत टाकतात. तरी जमलं नाही तर भाच्याला फोन लावतात. भाचा येतो, काहीतरी सेटिंग बदलतो, स्क्रिप्ट चालू होते आणि दोन महिन्यांनी दुसरंच काहीतरी बंद पडतं.

मी बीबीए झालेली, दुकान चालवणारी बाई आहे, कॉम्प्युटर इंजिनियर नाही. म्हणून हा विषय मला जसा दुकानाच्या भाषेत समजला तसाच सांगते. एक सूचना आधीच: इथे कमांडी मराठी अक्षरांत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिसतंच.

पायथॉन माल शोधतो कसा?

समजा, दुकानात नवीन पोरगा कामाला ठेवला. तुम्ही त्याला सांगितलं, "शाम्पूचा बॉक्स आण." त्याला शोधायचा क्रम शिकवलाय: आधी काउंटरखाली बघ, मग मागच्या रॅकवर, मग माळ्यावर, शेवटी गोदामात. तो त्याच क्रमाने जातो. जिथे पहिल्यांदा शाम्पूचा बॉक्स दिसला तिथून उचलतो आणि परत येतो. पुढच्या जागी नवा माल ठेवलाय का, हे तो बघत नाही. आणि चारही जागी नाही मिळाला तर सांगतो, "नाहीये." शेजारच्या गल्लीत तुमचं दुसरं गोदाम असेल आणि तिथे माल असेल, तरी त्याला ते माहीतच नाही.

पायथॉन अगदी असंच करतो. स्क्रिप्टमध्ये 'इम्पोर्ट' लिहिलं की तो जागांची एक यादी घेऊन वरून खाली शोधत जातो. या यादीचं नाव 'सिस डॉट पाथ'. साधारण क्रम असा असतो:

१. तुम्ही जी स्क्रिप्ट चालवताय ती ज्या फोल्डरमध्ये आहे, ते फोल्डर.
२. 'पायथॉनपाथ' नावाची विंडोजची सेटिंग कोणी भरून ठेवली असेल, तर त्यातली फोल्डरं, जशी लिहिलीत त्याच क्रमाने.
३. पायथॉनसोबत आलेली स्वतःची लायब्ररी.
४. 'साइट-पॅकेजेस' नावाचं फोल्डर. आपण 'पिप'ने जे जे इन्स्टॉल करतो ते इथे येऊन पडतं.

दोन नियम लक्षात ठेवा. पहिलं सापडलं की शोध थांबतो. आणि यादीत नसलेल्या जागी तो कधीच जात नाही. आजचा सगळा लेख या दोन नियमांवर उभा आहे.

एरर येतो तेव्हा: माल आहे, पण दुसऱ्या गोदामात

तुमच्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा एकापेक्षा जास्त पायथॉन असतात. एक तुम्ही टाकलेला, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेला, एक कोणीतरी दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी टाकून गेलेला. प्रत्येकाचं साइट-पॅकेजेस फोल्डर वेगळं. पायथॉन ३.१२ चं गोदाम वेगळं, ३.१३ चं वेगळं.

तुम्ही नुसतं 'पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सएल' लिहिता तेव्हा ती पिप कोणत्या पायथॉनची आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. माल ३.१२ च्या गोदामात उतरतो आणि स्क्रिप्ट चालते ३.१३ वर. मग एरर येणारच. परत परत इन्स्टॉल करून काय होणार? माल पुन्हा त्याच गोदामात जातोय!

म्हणून आजपासून नुसतं 'पिप' लिहायचं नाही. 'पायथॉन, स्पेस, डॅश एम, स्पेस, पिप, स्पेस, इन्स्टॉल' आणि मग पॅकेजचं नाव, असं पूर्ण लिहायचं. याचा अर्थ, "ज्या पायथॉनला मी हाक मारतेय त्याच्याच गोदामात माल उतरव." फक्त ही एक सवय लावली तरी निम्मी डोकेदुखी जाते.

अजून दोन गोष्टींनी हाच एरर येतो.

एक, पॅकेजचं इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव वेगळं असू शकतं. फोटोसाठीचं 'पिलो' इन्स्टॉल करतो, पण इम्पोर्ट करताना 'पीआयएल' लिहावं लागतं. बारकोडसाठी 'पायथॉन-बारकोड' इन्स्टॉल करतो, इम्पोर्ट नुसतं 'बारकोड'. आणि नाव टाइप करताना एक अक्षरही चुकवू नका. मिळत्याजुळत्या नावाची खोटी, घातक पॅकेजेस लोकांनी मुद्दाम टाकल्याचे प्रकार झालेले आहेत. दुकानाच्या कॉम्प्युटरवर बँकेचं लॉगिनही असतं, हे विसरू नका.

दोन, तुम्ही तुमच्याच फाइलला भलतं नाव दिलेलं असतं. बिल ईमेल करायची स्क्रिप्ट लिहिली आणि फाइलचं नाव ठेवलं 'ईमेल डॉट पीवाय'. पायथॉनची स्वतःची 'ईमेल' नावाची लायब्ररी आहे. पण वरचा क्रम बघा: तुमचं फोल्डर पहिलं. म्हणजे पायथॉन खऱ्या ईमेल लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलतो आणि विचित्र एरर देतो. 'सीएसव्ही', 'कॅलेंडर', 'रँडम' ही नावंही टाळा. 'दुकान_ईमेल', 'दुकान_बिल' अशी नावं ठेवा, भानगडच नको.

एरर येत नाही तेव्हा: माझी १७ बिलं

एरर आला तर त्रास होतो, पण निदान कळतं तरी. मला खरा फटका बसला तो एरर न आल्यामुळे.

माझ्याकडे ब्युटी पार्लरवाल्या बऱ्याच ताया होलसेलमध्ये माल घेतात. त्यांची बिलं मी पायथॉनच्या स्क्रिप्टने एक्सेलमध्ये काढते. बिलाची स्क्रिप्ट एका फोल्डरमध्ये, कोटेशनची दुसऱ्या. दोन्हींना जीएसटीचे दर लागतात, म्हणून दरांची फाइल मी तिसऱ्या, 'कॉमन' फोल्डरमध्ये ठेवली होती. ती सापडावी म्हणून विंडोजच्या पायथॉनपाथ सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा पत्ता टाकला होता. पुढे आवराआवर करताना मी नवीन कॉमन फोल्डर केलं, दरांची फाइल तिथे कॉपी केली आणि पायथॉनपाथमध्ये जुन्या पत्त्यानंतर सेमीकोलन देऊन नवीन पत्ता जोडला. जुनं फोल्डर म्हटलं असू दे, बॅकअप म्हणून. दोन्हीकडे दर सारखेच होते, त्यामुळे कित्येक महिने काहीच कळलं नाही.

मग २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. शाम्पू आणि केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. त्याच दिवशी घटस्थापना. नवरात्रात पार्लरवाल्यांची मागणी जोरात. मी आदल्या रात्री बसून नवीन फोल्डरमधल्या फाइलमध्ये सगळे दर बदलले आणि शांत झोपले.

तिसऱ्या दिवशी एका ताईंचा फोन आला. "अगं ताई, शाम्पूवर अजून १८ टक्के लावतेस? पेपरात तर पाच टक्के आलंय." मी म्हटलं, "शक्यच नाही, मी स्वतः बदललेत." बिल उघडून बघितलं. १,००० रुपयांच्या मालावर १८० रुपये टॅक्स, एकूण १,१८०. व्हायला हवे होते १,०५०. एका बिलात १३० रुपये जास्त.

फाइल उघडली, तर दर बरोबर. स्क्रिप्ट बरोबर. एरर एकही नाही. अर्धा तास डोकं धरून बसल्यावर लक्षात आलं की पायथॉन दर घेतोय जुन्या फोल्डरमधून. यादीत जुना पत्ता आधी होता. पहिलं सापडलं, शोध थांबला. नवीन फाइलकडे तो गेलाच नव्हता.

तीन दिवसांत अशी १७ बिलं गेली होती. अकाउंटंटशी बोलून प्रत्येकाची क्रेडिट नोट काढली, प्रत्येक ताईंना फोन करून माफी मागितली. पैसे परत गेले, त्याचं वाईट नाही वाटलं. पण "ही जुन्या दराने टॅक्स कापते" असं बाजारात एकदा झालं असतं, तर ते नाव पुसायला किती वर्षं लागली असती? फोन करणाऱ्या त्या ताई माझ्याकडेच आल्या, दुसऱ्या दुकानात गेल्या नाहीत, हे माझं नशीब.

तपासायचं कसं?

काहीही बदलण्याआधी आधी विचारायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि या क्रमाने जा.

पहिली कमांड: 'व्हेअर पायथॉन'. कॉम्प्युटरला कोणकोणते पायथॉन दिसतात ते पत्त्यांसकट येतं. सगळ्यात वरचा असतो तो नुसतं 'पायथॉन' म्हटल्यावर चालतो. ही कमांड पॉवरशेलमध्ये नाही, कमांड प्रॉम्प्टमध्येच द्या.

दुसरी: 'पायथॉन डॅश एम पिप शो' आणि पुढे पॅकेजचं नाव. उत्तरात 'लोकेशन' अशी ओळ असते. तिथे माल उतरलाय.

तिसरी: स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथॉन डॅश एम साइट'. शोधायच्या जागांची सगळी यादी क्रमाने छापून येते. दुसऱ्या कमांडमधलं लोकेशन या यादीत आहे का? आणि अशी एखादी जागा आहे का, जी तुम्हाला ओळखूच येत नाही?

चौथी, सगळ्यात महत्त्वाची, माझ्यासारखी चूक पकडणारी: स्क्रिप्टमध्ये, जिथे दरांची फाइल इम्पोर्ट केलीय त्याच्याखाली, 'प्रिंट'च्या कंसात त्या मॉड्यूलचं नाव, डॉट, दोन अंडरस्कोर, 'फाइल', दोन अंडरस्कोर असं लिहा. फाइल नेमकी कुठल्या फोल्डरमधून उचलली, त्याचा पूर्ण पत्ता छापून येतो. माझ्या बिलाच्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ आता कायमची आहे. रोज सकाळी पहिलं बिल काढताना तो पत्ता डोळ्यांखालून जातो.

पायथॉनपाथ भरून ठेवू नका

यूट्यूबवर बऱ्याच ठिकाणी सांगतात, "सापडत नाहीये ना? पायथॉनपाथमध्ये टाका, झालं." होतं खरं. पण ही सेटिंग एका स्क्रिप्टची नसते. त्या लॉगिनमध्ये चालणाऱ्या प्रत्येक पायथॉनला ती लागू होते, मग तो ३.१२ असो की ३.१३. शिवाय ती पायथॉनच्या स्वतःच्या लायब्ररीच्याही आधी बघितली जाते. कोणी त्यात ३.१२ चं साइट-पॅकेजेस टाकलं आणि तुम्ही ३.१३ वर गेलात, तर पांडाज किंवा नमपाय यांसारखी पॅकेजेस बिघडतात, कारण ती त्या त्या आवृत्तीसाठी बांधलेली असतात.

तुमच्याकडे काय आहे ते बघा. विंडोजच्या सर्चमध्ये 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' शोधा आणि तुमच्या अकाउंटसाठीचा पर्याय उघडा. वरच्या यादीत पायथॉनपाथ दिसतंय? आधी त्याचा फोटो काढून ठेवा, मग ते काढून टाका. त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवीन उघडा, नाहीतर जुनंच दिसत राहील. एक लक्षात घ्या, नुसतं 'पाथ' नावाचं व्हेरिएबल वेगळं आहे. त्याला हात लावू नका!

प्रत्येक कामाला स्वतःचं गोदाम: वेन्व

मग योग्य पद्धत कोणती? पायथॉन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'वेन्व' ही सोय पायथॉनसोबतच येते. एका कामासाठी एक वेगळं, छोटं गोदाम. बिलाच्या कामाची पॅकेजेस बिलाच्या फोल्डरमध्ये, लेबलच्या कामाची लेबलच्या. एकीकडे काही बदललं तर दुसरीकडे धक्का लागत नाही.

बिलाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथॉन डॅश एम वेन्व वेन्व' असं लिहा. शेवटचा 'वेन्व' म्हणजे तयार होणाऱ्या फोल्डरचं नाव. त्यात 'स्क्रिप्ट्स' नावाचं फोल्डर असतं आणि त्यात या गोदामाचा स्वतःचा पायथॉन. इथून पुढे या कामासाठी याच पायथॉनला हाक मारायची: 'वेन्व', बॅकस्लॅश, 'स्क्रिप्ट्स', बॅकस्लॅश, 'पायथॉन'. इन्स्टॉल करताना हाच, चालवताना हाच. व्हीएस कोड वापरत असाल तर त्यात 'सिलेक्ट इंटरप्रिटर'मध्ये जाऊन हाच निवडा.

लिनक्स वापरणाऱ्यांनीही हेच करायचं. उबंटू २३.०४ किंवा डेबियन १२ पासून पुढे, सिस्टिमच्या पायथॉनमध्ये थेट पिप इन्स्टॉल करायला गेलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा एरर येतो. तो अडवायला नाही, वाचवायला आलाय. त्या पायथॉनवर सिस्टिमची स्वतःची कामं चालतात.

वेन्वबद्दल तीन गोष्टी जपा.

पायथॉनपाथ भरलेलं असेल तर ते वेन्वमध्येही घुसतं. वेन्व केलं म्हणजे सुटलो, असं नाही. म्हणून आधी ते साफ करायचं.

वेन्वचं फोल्डर उचलून दुसरीकडे नेऊ नका. त्यात जुन्या जागेचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. त्याऐवजी 'पिप फ्रीझ'ने पॅकेजेसची यादी 'रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी' या फाइलमध्ये काढून ठेवा. कॉम्प्युटर बदलला तर नवीन वेन्व करून त्या यादीवरून सगळं परत भरता येतं. बॅकअप घ्यायचा तो स्क्रिप्टचा आणि या यादीचा.

दरांसारखी स्वतःची फाइल शक्यतो स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा. दोन कामांना एकच फाइल लागत असेल, तर प्रत्येक वेन्वच्या साइट-पॅकेजेसमध्ये 'डॉट पीटीएच' शेवट असलेली साधी टेक्स्ट फाइल करून त्यात कॉमन फोल्डरचा पत्ता लिहा. हा पत्ता यादीत शेवटी जोडला जातो, आणि फक्त त्याच वेन्वपुरता. आणि खरं सांगू का? टॅक्सचे दर कोडमध्ये ठेवूच नका. मी आता ते एक्सेल शीटमध्ये ठेवते, शेजारच्या रकान्यात 'कधीपासून लागू' ही तारीख. स्क्रिप्ट त्या शीटचा पूर्ण पत्ता घेऊन वाचते. शोधाशोध नाही.

काउंटरवरच्या माणसासाठी

दुकानात तुमच्याशिवाय दुसरं कोणी बिल काढत असेल, तर त्याला कमांडी शिकवत बसू नका. एक बॅच फाइल करा. पहिल्या ओळीत बिलाच्या फोल्डरमध्ये जायचं, दुसऱ्या ओळीत 'सेट पायथॉनपाथ बरोबर' आणि पुढे काहीच नाही, म्हणजे त्या खिडकीपुरतं ते रिकामं होतं. तिसऱ्या ओळीत वेन्वमधल्या पायथॉनचा पत्ता आणि स्क्रिप्टचं नाव, चौथ्या ओळीत 'पॉज', म्हणजे एरर आला तर खिडकी पटकन बंद न होता वाचता येतो. तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. रात्री आपोआप स्टॉक रिपोर्ट काढायला टास्क शेड्युलर लावला असेल, तर तिथेही नुसतं 'पायथॉन' लिहू नका. वेन्वमधल्या पायथॉनचा पूर्ण पत्ता द्या. "हाताने चालवलं की चालतं, शेड्युलरमध्ये चालत नाही" याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

या रविवारचं काम

दुकान बंद असेल तेव्हा अर्धा तास काढा. 'व्हेअर पायथॉन' चालवा आणि किती पायथॉन आहेत ते वहीत लिहा. पायथॉनपाथ भरलंय का बघा. ज्या स्क्रिप्टवर पैशाचं काम चालतं, ती एकच स्क्रिप्ट आधी वेन्वमध्ये आणा. मग एक खोटं बिल काढा आणि कॅल्क्युलेटर घेऊन हाताने टॅक्स मोजा. जुळलं तर पुढच्या स्क्रिप्टकडे जा.

दर बदलतील तेव्हाही हेच: पहिल्या ग्राहकाच्या आधी एक खोटं बिल. मी त्या घटस्थापनेच्या सकाळी दोन मिनिटं काढून हे केलं असतं, तर १७ फोन वाचले असते.